तीस जानेवारीच्या फिर्यादीतली चूक

गांधीजींच्या खुनाची फिर्याद दिल्लीच्या तुघलक रोड पोलीस ठाण्यात नोंदली गेली, ती उर्दूत. वेळ संध्याकाळची ५.४५; म्हणजे गोळ्या झाडल्या जाऊन अर्धा तासही उलटला नव्हता. फिर्यादी नंदलाल मेहता त्या वेळी बिर्ला भवनातच होते. ते सांगतात : पाच-दहाच्या सुमारास गांधीजी खोलीतून निघाले, दोन मुलींच्या खांद्यांवर हात होते, बाग ओलांडून ते पायऱ्या चढले. दुतर्फा माणसं, मधे तीनेक फुटांची वाट. सहा-सात पावलं टाकली असतील-नसतील, तोच दोन-तीन फुटांवरून तीन गोळ्या.

‘त्या वेळी तुम्ही कुठे होतात?’ या प्रश्नाला याहून ताजं, याहून जवळचं उत्तर मिळणं कठीण. तरीही याच कागदात दोन नावं चुकली आहेत. त्या दोन मुलींपैकी मनू गांधींची ‘सन्नो’ झाली आहे आणि मारेकरी नथुराम झाला आहे पुण्याचा ‘नारायण विनायक गोडसे’. मारेकऱ्याचं नाव आपल्याला मागाहून कळलं, असं मेहता प्रामाणिकपणे सांगतात. चूक नेमकी कोणाची? मेहतांची, लिहून घेणाऱ्याच्या कानाची, की घाईतल्या उर्दू अक्षराची आणि ते पुढे वाचणाऱ्या डोळ्यांची? मनू आणि सन्नो यांत उर्दू लिपीत फरक तो किती! ‘सन्नो’बद्दल माझा संशय अक्षरावर आहे; ‘नारायण’चा उलगडा मात्र त्याने होत नाही.

बाकीच्या तपशिलांचंही तसंच. फिर्यादीत गांधीजी ‘राम राम’ म्हणत कोसळतात. मनूबेनच्या आठवणीत ‘हे राम’ आहे, आणि राजघाटावर कोरलं गेलं ते तेच. मारेकऱ्याला पकडलं कोणी? कोणी अमेरिकी दूतावासातले हर्बर्ट रायनर सांगतं, कोणी बिर्ला भवनाचा माळी रघू नायक. फिर्याद म्हणते, जागीच पकडला. कोणी, ते लिहिलेलं नाही. माझ्या मते दोघांपैकी एकाला खोटं पाडण्याचं कारण नाही. त्या झटापटीत अनेक हात पडले असणार, आणि ज्याला त्याला आपलाच हात आठवणार.

दिल्लीपासून दूर असलेल्यांच्या आठवणी याहून जपून वाचाव्या लागतात. त्या रात्री नेहरू आणि पटेल आकाशवाणीवर बोलले. ‘आम्ही ते भाषण रेडिओवर ऐकलं’ असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. पण स्वातंत्र्याच्या वेळी देशात आकाशवाणीची केंद्रं होती सहा, आणि त्यांचा आवाज पोचत होता जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत. पुण्यात केंद्र निघालं १९५३ साली. तोवर तिथे मुंबई ऐकायची. तेव्हा काहींनी ते खरंच ऐकलं, पुष्कळांनी शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि काहींच्या कानांत नंतर अनेकदा वाजवलेलं ध्वनिमुद्रण त्या रात्रीत जाऊन बसलं. मारेकरी ब्राह्मण, म्हणून महाराष्ट्रात त्याच दिवसांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या घरांतली माणसं रेडिओचं सांगत नाहीत, दारात आलेल्या जमावाचं सांगतात.

आठवणीचं वजन सरकारलाही एकदा करावं लागलं. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यात, नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे वगैरे तुरुंगातून सुटून आल्याच्या समारंभात, लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता. गदारोळ उठला आणि अखेर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला. आयोगाने १०१ साक्षीदार तपासले, ४०७ कागद पाहिले आणि वीस वर्षांपूर्वीचं ‘मला ठाऊक होतं’ जुन्या कागदांशी ताडून पाहिलं. १९६९ सालचा तो अहवाल आजही वाचावा असा आहे.

तुमच्या घरात नव्वदीच्या आसपासचं कोणी असेल, तर त्यांना त्या संध्याकाळबद्दल या आठवड्यातच विचारा. सांगतील ते न सुधारता, त्यांच्याच शब्दांत लिहा. कोणी सांगितलं, कुठे ऐकलं, आणि कोणत्या तारखेला तुम्ही ते लिहून घेतलं, हेही खाली घाला.