मोटारसायकलच्या टाकीच्या नळ्या व निचरा

पेट्रोलच्या टाकीला खालून जोडलेल्या नळ्यांची व्यवस्था. यांतली एक नळी पेट्रोल इंजिनाकडे नेते, दुसरी टाकीत हवा येऊ देते आणि तिसरी झाकणाभोवती साचलेले पावसाचे पाणी जमिनीवर सोडते. पहिली तुटली की गाडी जागच्या जागी बंद पडते, म्हणून तिची काळजी सगळेच घेतात. उरलेल्या दोन्ही नळ्यांचे खालचे टोक बहुधा मोकळे लोंबत असते. त्या निघून गेल्या तरी गाडी चालू होते, आणि जुन्या गाडीत नेमक्या त्याच बेपत्ता असतात. दापोली तालुक्यात त्यांचे मोल पहिल्या नळीइतकेच धरायला हवे. इथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुण्याचा वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे एमएच-१२ची गाडी तिकडे पाच वर्षे बिनतक्रार चालते आणि एमएच-०८च्या मुलखात आल्यावर पहिल्याच आषाढात मिसिंग करू लागते. दोष जुनाच असतो, पाऊस तो उघडा पाडतो.

पेट्रोलची नळी : कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीच्या तळाशी कॉक असतो. त्याला टाकीच्या आत दोन तोंडे असतात : एक उंच उभ्या नळीचे, दुसरे तळाला टेकलेले. कॉक ‘ऑन’ असताना पेट्रोल उंच तोंडातून येते. ते उघडे पडले की गाडी आचके देते आणि आपण कॉक ‘रिझर्व्ह’ला फिरवतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून टाकीत पाणी शिरलेली गाडी ‘ऑन’वर छान पळते आणि ‘रिझर्व्ह’ला घेताच बंद पडते. जुनी गाडी बघायला गेल्यावर चक्कर मारावी ती ‘रिझर्व्ह’वरच. काही गाड्यांच्या कॉकला आणखी एक बारीक नळी असते. इंजिन चालू झाले की तिच्या ओढीने आतला पडदा उघडतो आणि मगच पेट्रोल उतरते. हा पडदा फाटला तर पेट्रोल त्या बारीक नळीतून थेट इंजिनात जाते.

पेट्रोलची नळी दाबून पाहावी. चांगले रबर दबून परत फुगते. म्हातारे रबर कडक होते, वाकवल्यावर त्यावर केसासारख्या चिरा दिसतात, आणि गळती पहिल्यांदा क्लिपेखाली सुरू होते. हर्णै, आंजर्ले, मुरुड, कर्दे या किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा आधी क्लिपच खाते. बाजारात स्वस्तात मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी काही महिन्यांत पिवळी पडून काठीसारखी ताठ होते. ती दिसली तर बदलूनच घ्यावी. इंजेक्शनच्या गाडीत तर तिचा विचारही करू नये. तिथे टाकीतला पंप बहुतेक गाड्यांत सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणून त्याच दाबाची, कंपनीने दिलेली नळीच हवी.

झाकणाचा निचरा : या नोंदीतला दापोलीकरांसाठी सर्वांत महत्त्वाचा भाग. टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणारे, किल्लीचे झाकण ज्या खळग्यात असते तिथे पावसाचे पाणी साचते. ते काढून देण्यासाठी खळग्याच्या कडेला बारीक भोक असते. त्या भोकापासून एक लोखंडी नळी टाकीच्या पोटातून, पेट्रोलमधूनच, पण त्याला न शिवता तळाबाहेर निघते. तिला खाली रबरी नळी जोडून पाणी इंजिनामागे जमिनीवर सोडलेले असते. कौलारू घराला पन्हळ, तसा टाकीला हा निचरा.

भोक बुजले की खळगा वाटीसारखा भरतो आणि झाकणाचा रबरी वॉशर थोडाही झिजलेला असेल तर पाणी टाकीत झिरपते. भोक बुजते ते लाल मातीने, पुसायच्या फडक्याच्या धाग्यांनी, पॉलिशच्या लगद्याने. कोकणात आणखी एक कारण आहे : पडवीत उभ्या गाडीच्या मोकळ्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर बांधते. माती वाळली की खडू भरल्यासारखी नळी बंद. पारख सोपी आहे. झाकण बंद ठेवून खळग्यात चार चमचे पाणी ओतावे. ते लगेच खाली ठिबकले पाहिजे. तुंबले तर मऊ तार किंवा नायलॉनचा जाड दोरा वरून हलकेच फिरवावा. जोर लावू नये, कारण आतली लोखंडी नळी गंजून पातळ झालेली असू शकते. या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, किंवा ओतलेले पाणी बाहेर न येता नाहीसे होत असेल, तर ती आतून फुटली आहे. मग रबर बदलून काही होत नाही. टाकी बदलावी किंवा जाणत्या कारागिराकडे द्यावी. कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने ती फुटते.

हवेची नळी : पेट्रोल कमी होईल तसतशी टाकीत हवा यायला हवी. काही गाड्यांत ही वाट झाकणातच असते, काहींत वेगळ्या नळीची. तळाशी दोन मोकळी तोंडे पाहून एखादा मालक ‘यातून काही येत नाही’ म्हणत त्यांत बूच ठोकतो. मग गाडी थोडा वेळ चालून दम तोडते, जरा थांबल्यावर परत चालू होते. अशा वेळी झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज आला तर हवेची वाट बंद आहे. कार्बोरेटर खोलण्याआधी एवढे पाहावे. निम्मा खर्च तिथेच वाचतो.

१ एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा ही नळी उघड्यावर न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये नेलेली असते. टाकीची वाफ तिथे शोषली जाते आणि इंजिन चालू असताना ओढून जाळली जाते. टाकी अगदी गळ्यापर्यंत भरायची सवय या डब्याला मारक आहे. पेट्रोलच आत गेले की कोळसा निकामी होतो.

टाकीच्या नसलेल्या नळ्या : इंजिनाखाली लोंबणाऱ्या सगळ्याच नळ्या टाकीच्या नसतात. कार्बोरेटरच्या वाटीखालची नळी वाहू लागली तर फ्लोटची निडल अडकली असे समजावे. तिथलाच छोटा स्क्रू सैल केला की वाटीतले पाणी आणि गाळ बाहेर पडतो. जुन्या, पाणी घालायच्या बॅटरीची नळी ॲसिड सोडते, म्हणून तिचे टोक साखळीपासून लांब हवे. एअर फिल्टरच्या डब्याखालच्या, बूच लावलेल्या आखूड नळीत तेलकट पाणी जमते. ते बूच मात्र लावलेलेच राहिले पाहिजे. कोणती नळी कुठली हे ठरवताना खालून वर, हाताने चाचपत मुळापर्यंत जावे.

उभी गाडी : दापोलीतल्या अनेक जुन्या गाड्या चाकरमान्यांच्या असतात. गणपतीला बाहेर निघायच्या, मग शिमग्याला, मग मे महिन्यात. अर्ध्या टाकीवर उभ्या राहिलेल्या गाडीत दमट हवा थंड होऊन आतल्या पत्र्यावर दव धरते आणि तिथूनच गंज सुरू होतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासकट वेगळे होऊन तळाशी उतरते. तळाचा थर म्हणूनच आत गेलेल्या पाण्यापेक्षा जास्त दिसतो. एप्रिल २०२३ च्या आधीच्या अनेक गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नाही, तेव्हा अशा गाडीच्या सगळ्या नळ्या आणि वॉशर घेतल्या घेतल्या बदलावेत.

टाकी रिकामी करणे : उघड्यावर, थंड इंजिनावर, बॅटरीची तार काढून. नळी तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. आधी काचेच्या स्वच्छ बाटलीत तळाचे थोडे पेट्रोल घेऊन पंधरा मिनिटे ठेवावे. खाली वेगळा किंवा दुधट थर दिसला तर सगळे काढावे. काढलेले पेट्रोल परसात ओतू नये. दापोलीचा जांभा सच्छिद्र असतो, वर ओतलेले आत उतरते आणि खाली विहीर असते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

नवी नळी बसवताना तिचे मोकळे टोक तिरके कापावे, म्हणजे थेंब धरून राहत नाही. ते सायलेन्सरपासून दूर, मागच्या चाकाच्या रेषेबाहेर आणि मूळ खाचेतूनच खाली सोडावे.