नागपुरातून कॅनडातील मध्यम शहरांकडे होणारे स्थलांतर

नागपुरातून कॅनडातील मध्यम शहरांकडे होणारे स्थलांतर हा भारतातून कॅनडाकडे होणाऱ्या व्यापक स्थलांतराचा एक भाग आहे. टोरांटो, माँट्रियल व व्हँकूव्हर या तीन महानगरांऐवजी हॅलिफॅक्स, मंक्टन, लंडन (आँटेरियो), किचनर-वॉटर्लू, विंडसर, विनिपेग, रेजायना, सॅस्काटून यांसारख्या शहरांत स्थायिक होणाऱ्या विद्यार्थ्यांचा, कुशल कामगारांचा व त्यांच्या कुटुंबांचा यात समावेश होतो. अशा शहरांना कायमस्वरूपी वास्तव्य मिळवून देणाऱ्या प्रांतीय योजनांचा आधार असल्याने तेथील प्रवेश अनेकदा तुलनेने सुलभ ठरतो. मात्र व्यवसायाचा परवाना, नोकऱ्यांची संख्या आणि स्वभाषिकांचा आधार या बाबतींत तेथे महानगरांपेक्षा वेगळ्या अडचणी येतात.

'मध्यम शहर' या संज्ञेचा अर्थ

कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या वर्गीकरणानुसार ३०,००० ते ९९,९९९ लोकसंख्येचे केंद्र 'मध्यम' आणि १,००,००० वा त्याहून अधिक लोकसंख्येचे केंद्र 'मोठे' मानले जाते. सर्वसाधारण वापरात मात्र तीन महानगरांखालील, सुमारे अर्धा लाख ते साडेसात लाख वस्तीच्या शहरांनाही मध्यम म्हटले जाते. २०२१ च्या जनगणनेनुसार विनिपेगची लोकसंख्या ७,४९,६०७, लंडनची ४,२२,३२४, सॅस्काटूनची २,६६,१४१, विंडसरची २,२९,६६०, रेजायनाची २,२६,४०४ आणि मंक्टनची ७९,४७० होती. २०११ च्या भारतीय जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ नोंदवली गेली. भारतात दुसऱ्या फळीतील मानल्या जाणाऱ्या नागपूरच्या तुलनेत ही सर्व शहरे लहान आहेत. त्यामुळे नागपूरकराच्या दृष्टीने हे स्थलांतर मोठ्या देशात, पण लहान शहरात होते.

इतिहास

विदर्भातून उत्तर अमेरिकेत जाण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मागे जाते. वर्धा येथे १८८४ मध्ये जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. गदर चळवळीच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. पुढे ते मेक्सिकोत कृषितज्ज्ञ म्हणून कार्यरत राहिले आणि १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्या काळात कॅनडाचे दार भारतीयांसाठी जवळजवळ बंद होते. १९०८ च्या 'अखंड प्रवास' नियमानुसार मायदेशातून थेट, वाटेत न थांबता आलेल्यांनाच प्रवेश मिळे. भारतातून तसा थेट प्रवास उपलब्ध नव्हता. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन आलेले 'कोमागाता मारू' हे जहाज व्हँकूव्हरहून परत पाठवण्यात आले. ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना मतदानाचा हक्क १९४७ मध्ये मिळाला. १९५१ च्या करारानुसार वर्षाला केवळ १५० भारतीयांना प्रवेश देण्याचे ठरले व १९५७ मध्ये ही संख्या ३०० करण्यात आली.

१९६२ च्या नियमांनी वंशाधारित निवड मोठ्या प्रमाणात संपुष्टात आणली. १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, वय व व्यवसाय यांना गुण देणारी पद्धत सुरू झाली. त्यानंतर पंजाबबाहेरील भारतीय शहरांतील अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक व लेखापाल यांना या देशात जाण्याचा मार्ग मोकळा झाला. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले.

मध्यम शहरांकडे वळण्याची कारणे

स्थलांतरितांचा ओघ तीन महानगरांतच एकवटू नये, यासाठी कॅनडाने प्रांतांना उमेदवार निवडण्याचे अधिकार दिले. प्रांतीय नामनिर्देशन योजनेचा वापर मॅनिटोबाने १९९८ पासून सुरू केला. आज क्वेबेक व नुनावुत वगळता सर्व प्रांत व प्रदेश अशी योजना राबवतात. पूर्व किनाऱ्यावरील चार प्रांतांसाठी २०१७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली अटलांटिक योजना २०२२ पासून कायम करण्यात आली.

जानेवारी २०१५ पासून लागू असलेल्या 'एक्स्प्रेस एंट्री' पद्धतीत उमेदवारांची क्रमवारी कमाल १,२०० गुणांवर ठरते. त्यांपैकी ६०० गुण केवळ प्रांतीय नामनिर्देशनाने मिळतात. वय वाढल्यामुळे किंवा भाषापरीक्षेतील गुण थोडे कमी पडल्यामुळे मागे राहिलेल्या अर्जदारासाठी हे नामनिर्देशन निर्णायक ठरते. अनेक अर्जदार शहराची निवड हवामान किंवा पगार पाहून न करता कोणता प्रांत नामनिर्देशन देतो हे पाहून करतात, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

२०२१ च्या जनगणनेनुसार मागील पाच वर्षांत आलेल्या स्थलांतरितांपैकी ५३.४ टक्के लोक तीन महानगरांत राहत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५६ टक्के होते. अटलांटिक प्रांतांचा वाटा २००६ मधील १.२ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३.५ टक्क्यांवर गेला. याच जनगणनेत नव्या स्थलांतरितांपैकी १८.६ टक्के भारतात जन्मलेले होते व भारत हा सर्वांत मोठा उगमदेश ठरला.

नागपुरातील पूर्वतयारी

पदवीच्या मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती मूल्यमापन संस्थेकडे पाठवाव्या लागतात. नागपूरच्या बहुतांश पदवीधरांच्या बाबतीत हे काम १९२३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संबंधित असते. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेसारख्या संस्था स्वतः पदवी देत असल्याने त्यांच्या पदवीधरांना संस्थेकडेच अर्ज करावा लागतो. याखेरीज इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेची मान्यताप्राप्त परीक्षा, वैद्यकीय तपासणी, निधीचा पुरावा व पोलीस पडताळणी प्रमाणपत्र आवश्यक असते. पारपत्र व पडताळणी प्रमाणपत्राचे काम नागपूरच्या क्षेत्रीय पारपत्र कार्यालयामार्फत होते. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी सामान्यतः मुंबई, पुणे किंवा हैदराबाद येथील व्हिसा अर्ज केंद्रात जावे लागते.

शुल्क घेऊन अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याची मुभा कॅनडाच्या कायद्याने वकील, क्वेबेकमधील नोटरी आणि अधिकृत सल्लागार महाविद्यालयाचे सदस्य यांनाच दिली आहे. हे नियामक महाविद्यालय नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्यान्वित झाले. दलालांनी दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांच्या आधारे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आल्याची प्रकरणे २०२३ मध्ये उघडकीस आली. त्यामुळे सल्लागाराचे नाव महाविद्यालयाच्या सार्वजनिक नोंदवहीत पडताळून पाहण्याला महत्त्व आले आहे.

व्यवसायाचा परवाना व रोजगार

कॅनडात प्रवेश देणे हा मुख्यतः केंद्र सरकारचा विषय आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण, अध्यापन व वकिली यांचा परवाना मात्र प्रांतीय नियामक संस्था देतात. पदवीला स्थलांतराचे गुण मिळाले म्हणजे त्या पदवीवर व्यवसाय करण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या डॉक्टरला पात्रता परीक्षांनंतरही सामान्यतः कॅनडातील निवासी प्रशिक्षणाची जागा मिळवावी लागते. परदेशी पदवीधरांसाठी अशा जागा मर्यादित असतात.

स्थानिक अनुभवाची अट हा दुसरा अडथळा आहे. 'कॅनेडियन अनुभव' मागणे हा प्रथमदर्शनी भेदभाव ठरतो, अशी भूमिका आँटेरियो मानवाधिकार आयोगाने २०१३ मध्ये घेतली. त्या प्रांतातील अभियंत्यांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये परवान्यासाठीची ही अट रद्द केली. नोकरीच्या जाहिरातीत अशी अट घालण्यास आँटेरियोत २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना १ जानेवारी २०२६ पासून मनाई आहे.

मध्यम शहरात या प्रश्नाचे स्वरूप तीव्र होते. एखाद्या विशिष्ट क्षेत्रातील नोकऱ्या देणाऱ्या संस्था तेथे मोजक्याच असू शकतात. एक नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी मिळेलच असे नसते. पती-पत्नी दोघेही व्यावसायिक असल्यास एकाला कामाची संधी मिळून दुसऱ्याला मात्र पात्रतेपेक्षा खालच्या दर्जाचे काम करावे लागू शकते. न्यू ब्रन्सविक हा कॅनडातील एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत असून मंक्टनसारख्या शहरात अनेक पदांसाठी इंग्रजीबरोबर फ्रेंचही लागते.

घर, हवामान व वाहतूक

घरभाड्याच्या वेळी घरमालक पतइतिहास व नोकरीचा पुरावा पाहतात. नव्याने आलेल्या व्यक्तीकडे हे दोन्ही नसते. भाड्याचे नियमही प्रांतागणिक बदलतात. आँटेरियोत घरमालकाला केवळ शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ घेता येते, नुकसानभरपाईची अनामत घेता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी अनामत घेण्यास मुभा आहे. प्रांतीय आरोग्य विम्याचा लाभही सर्वत्र पहिल्या दिवसापासून मिळत नाही.

मे महिन्यात ४० अंश सेल्सियसच्या वर तापमान अनुभवणाऱ्या नागपूरकरांसाठी प्रेअरी प्रांतांतील हिवाळा हा मोठा बदल असतो. विनिपेग येथे जानेवारीतील सरासरी किमान तापमान उणे २० अंशांच्या आसपास असते. लहान शहरांत सार्वजनिक वाहतूक विरळ असल्याने मोटार ही चैन न राहता गरज बनते. नागपुरातून कॅनडाला थेट विमानसेवा नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखाती देशांतील विमानतळांमार्गे जावे लागते.

सामाजिक व सांस्कृतिक जीवन

टोरांटो परिसरात मराठी मंडळ, मराठी शाळा, नाट्यप्रयोग व किराणा दुकाने यांचे जाळे आहे. मध्यम शहरांत मराठी कुटुंबे कमी असल्याने गणेशोत्सव, दिवाळी वा संक्रांत बहुधा व्यापक भारतीय मंडळाच्या छत्राखाली, सुटीच्या दिवशी आणि भाड्याच्या सभागृहात साजरी होते. मारबत किंवा तान्हा पोळा हे नागपूरचे सण वस्तीशी व रस्त्याशी जोडलेले असल्याने ते परदेशात नेणे अवघड असते. मुलांची मराठी टिकवण्याची जबाबदारी घरावरच येते.

दीक्षाभूमीमुळे नागपूरचे आंबेडकरी चळवळीशी अतूट नाते आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कॅनडातही आंबेडकरी संघटना कार्यरत असून ब्रिटिश कोलंबियातील बर्नबी शहराने २०२० मध्ये १४ एप्रिल हा दिवस आंबेडकर समता दिन म्हणून घोषित केला. पुढील वर्षी प्रांतानेही तशी घोषणा केली. दक्षिण आशियाई समाजाबरोबर जातिभेदही परदेशात पोहोचतो, या जाणिवेतून टोरांटोच्या जिल्हा शाळा मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातीय अत्याचाराची दखल घेणारा ठराव केला.

मागे राहिलेले कुटुंब

कॅनडातील नागरिक व कायमस्वरूपी निवासी आपल्या आईवडिलांसाठी 'सुपर व्हिसा' मागू शकतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या या व्हिसावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी आरोग्य विमा व उत्पन्नाचा पुरावा लागतो. आईवडिलांना कायमचे नेण्याच्या योजनेतील जागा मर्यादित आहेत. भारत हॅलिफॅक्सच्या हिवाळ्यात साडेनऊ तास आणि सॅस्काटूनच्या साडेअकरा तास पुढे असतो. त्यामुळे आजारपणासारख्या प्रसंगी संपर्कही वेळ साधून करावा लागतो.

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारल्यावर भारतीय नागरिकत्व संपते व त्यानंतर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येते. अशा व्यक्तीस तसेच अनिवासी भारतीयास शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते; विकत मात्र घेता येत नाही. विदर्भातील शेतीवर हक्क असलेल्या कुटुंबांत या नियमाला व्यावहारिक महत्त्व आहे.

शहरात टिकून राहण्याचा प्रश्न

कॅनडाच्या हक्क व स्वातंत्र्य सनदेच्या सहाव्या कलमानुसार कायमस्वरूपी निवाशांना कोणत्याही प्रांतात राहण्याचा व उपजीविका करण्याचा अधिकार आहे. प्रांतीय नामनिर्देशन स्वीकारताना त्या प्रांतात राहण्याचा खरा हेतू असावा लागतो आणि तो खोटा सांगणे हे चुकीचे निवेदन ठरू शकते. परंतु कायमस्वरूपी वास्तव्य मिळाल्यानंतर तेथेच राहण्याची आजन्म सक्ती करता येत नाही. त्यामुळे नोकरी, नातेवाईक किंवा मुलांचे शिक्षण यांसाठी काही कुटुंबे पुढे महानगरांकडे जातात. स्थलांतरितांना टिकवणे हे प्रांतांपुढील दीर्घकालीन आव्हान आहे.

अलीकडील बदल

सप्टेंबर २०२३ पासून भारत-कॅनडा संबंध ताणले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅनडाने ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलावले आणि मुंबई, चंडीगड व बेंगळुरू येथील वाणिज्य दूतावासांतील प्रत्यक्ष सेवा थांबवल्या. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर कमाल मर्यादा घालण्यात आली. विद्यार्थ्याने दाखवावयाचा निर्वाह निधी १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर व सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर करण्यात आला. घरांच्या टंचाईचे कारण देऊन २०२५ साठी कायमस्वरूपी प्रवेशांचे लक्ष्य पूर्वनियोजित ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणण्यात आले आणि प्रांतीय नामनिर्देशनाचे लक्ष्य १,२०,००० वरून ५५,००० करण्यात आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ग्रामीण समुदायांसाठीच्या प्रायोगिक योजनेत १४ समुदायांचा समावेश आहे. अभ्यासक्रम पूर्ण करून प्रांतीय नामनिर्देशनाची वाट पाहणाऱ्या, विशेषतः शैक्षणिक कर्ज घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांवर या कपातीचा थेट परिणाम झाला.