बंब, बॉयलर आणि गिझरचा तो टपकणारा व्हॉल्व्ह

दसऱ्याच्या आसपास आमच्या भागात साखर कारखान्यांचं बॉयलर अग्निप्रदीपन होतं. चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, आम्ही फोटोसकट बातमी लावतो. पण त्या फोटोच्या आधी एक काम झालेलं असतं, त्याची बातमी कुणीच करत नाही. बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक येऊन बॉयलर आतून-बाहेरून तपासून जातो. त्याचा दाखला नसेल तर पूजा कितीही करा, बॉयलर पेटवता येत नाही. हा दाखला कुठून आला, त्याची गोष्ट मोठी आहे मंडळी.

१८०३ साल. लंडनजवळ ग्रीनिच इथं रिचर्ड ट्रेव्हिथिकचं वाफेचं पंप-इंजिन चालू होतं. त्याच्यावर नेमलेला पोरगा मासे धरायला गेला आणि जाताना इंजिन एका मजुराच्या हवाली करून गेला. इंजिन जोरात पळतंय म्हटल्यावर मजुरानं ते बंद केलं. पण सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीवर पाना अडकवून ठेवला होता, तो तसाच राहिला. खाली जाळ चालू, वाफेला वाट नाही. थोड्या वेळात बॉयलर फुटला, चार माणसं गेली. नंतर ट्रेव्हिथिकनं दोन गोष्टी केल्या. एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह बसवायचे ठरवलं, आणि बॉयलरला शिशाची गुडदी बसवली. पाणी कमी झालं की गुडदी वितळते आणि वाफ आपोआप बाहेर पडते. म्हणजे माणूस चुकला तरी यंत्रानं सांभाळून घ्यायचं.

आपल्याकडं हा धडा यायला साठ वर्षं लागली. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट झाला, माणसं मेली. लगेच पुढच्या वर्षी, १८६४ ला, बंगालनं बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग बाकीच्या प्रांतांनीही आपापले कायदे केले. त्यात एका प्रांताचा नियम दुसऱ्याशी जुळेना. शेवटी देशभरासाठी एकच १९२३ चा कायदा आला आणि १ जानेवारी १९२४ पासून लागू झाला. तो जवळपास शंभर वर्षं चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला.

यात मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे हायड्रॉलिक टेस्ट. बॉयलरमध्ये काठोकाठ थंड पाणी भरायचं आणि नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा. वाफ का नाही? कारण वाफ दाबून बसवलेली असते, पत्रा फाटला की ती एकदम उसळते. पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळं कुठं भेग असली तर नुसतं गळतं. दोष कळतो, जीव जात नाही. कुणीतरी फार शहाण्या माणसानं काढलेली युक्ती आहे ही!

आता घरात या. आपल्या आज्ज्यांचा तांब्याचा बंब वरून मोकळा होता, त्यात दाब साचायचा प्रश्नच नव्हता. गिझर मात्र बंद टाकी. आणि कायदा बघतो तो वाफेचे बॉयलर. २५ लिटरपेक्षा लहान भांडी तर तसाही सोडून देतो. तेव्हा मोरीत निरीक्षक येणार नाही.

गिझरलाही थर्मोस्टॅट असतो, तो अडकला तर कट-आऊट असतो, आणि शेवटी प्रेशर व्हॉल्व्ह. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ७० पर्यंत तापलं की जवळपास अर्धा लिटर फुगतं. ते मागं पाइपात जाऊ शकलं नाही की व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पडतं. गावातले प्लंबर मला सांगतात, लोक बोलावून म्हणतात, "टपकतंय, बूच मारून टाका." काही जण मारूनही देतात. ग्रीनिचच्या त्या पान्यात आणि या बुचात फरक काय?

आपलं बोअरचं पाणी जड. एलिमेंटवर क्षारांचं पुट चढतं, व्हॉल्व्हमध्येही बसतं. टाकी आतून गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. वर्षा-दोन वर्षांत टाकी धुऊन घ्या, कांडी बघायला सांगा, अर्थिंग तपासा. व्हॉल्व्ह सतत वाहत असेल तर दाब तपासून तो बदला, बंद करू नका.

गॅस गिझरचं दुखणं निराळं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉनं पहिला गॅस गिझर काढला, त्याला जळालेला वायू बाहेर न्यायला नळीच नव्हती. आज दीडशे वर्षांनी आपण तोच प्रकार खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये बसवतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आंघोळीला गेलेलं माणूस दार वाजवलं तरी ओ देत नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतात. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवता येतो, पाइप तेवढा आत न्यायचा. त्याचा खर्च फार नाही. कुणाला बसवून घ्यायचा असेल तर थंडी वाढायच्या आत प्लंबरला फोन करा, नंतर ते सापडत नाहीत.