रिटेनरची शंभर वर्षे

दातांच्या तारा काढल्यावर सरळ झालेले दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाला रिटेनर म्हणतात. गेल्या शंभर वर्षांत हे साधन धातूकडून रबराकडे आणि रबराकडून प्लास्टिककडे आले. ते किती काळ वापरायचे, याविषयीचे मत तर त्याहूनही अधिक बदलले.

अमेरिकेत ऑर्थोडॉन्टिक्सला, म्हणजे दात सरळ करण्याच्या उपचारशास्त्राला, स्वतंत्र शाखेचे रूप दिले ते एडवर्ड अँगल यांनी. वाकड्या दातांचे त्यांचे वर्गीकरण १८९९ सालचे. वरचे आणि खालचे दात एकमेकांत नीट बसले की ते आपोआप स्थिर राहतात, अशी त्यांची धारणा होती. तोवर आधार म्हणून दातांभोवती धातूच्या पट्ट्या सिमेंटने बसवत आणि त्यांना तार डाखत. रुग्णाला हे साधन काढता येत नसे, त्यामुळे त्याखालची स्वच्छता अवघड होती.

ही अडचण चार्ल्स हॉले यांनी १९१९ मध्ये मांडलेल्या, काढता येणाऱ्या रिटेनरने दूर केली. टाळूला चिकटून बसणारी पातळ पट्टी आणि पुढच्या दातांवरून एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत जाणारी तार, अशी त्याची रचना आहे. सुळ्यांपाशी तारेला उभा वळसा असतो; तो पक्कडीने किंचित दाबला की तार दातांवर घट्ट बसते. टाळूची पट्टी त्या काळी व्हल्कनाइट या कडक रबराची असे, कारण कवळ्याही त्याच्याच बनत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक आले आणि हॉलेंचा रिटेनर त्यात घडू लागला. तो आजही वापरात आहे.

दात परत का सरकतात, याचे उत्तर नॉर्वेच्या कोरे राइटान यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून शोधले. १९५९ च्या त्यांच्या अभ्यासात दिसले, की फिरवलेल्या दाताभोवतीचे हाड काही महिन्यांत नव्याने जुळते. हिरडीतले तंतू मात्र २३२ दिवसांनंतरही ताणलेलेच राहतात आणि दाताला मागे ओढतात. त्यावर उपाय म्हणून हे तंतू कापण्याची छोटी शस्त्रक्रिया १९७० मध्ये पुढे आली.

मोठा धक्का दिला तो सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांच्या नोंदींनी. उपदाढा काढून उपचार केलेले ६५ रुग्ण त्यांनी रिटेनर सुटल्यानंतर किमान दहा वर्षांनी तपासले. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे खालचे पुढचे दात पुन्हा दाटीवाटीने आलेले होते. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच १९८८ च्या अभ्यासात, वीस वर्षांनंतर दातांची रांग समाधानकारक राहिलेले रुग्ण फक्त दहा टक्के निघाले. वयानुसार दात सरकतच राहतात, हे यातून ठरले, आणि एक-दोन वर्षांत रिटेनर बंद करण्याची रीत मागे पडली.

दीर्घकाळ वापरायचे तर साधन सोयीचे हवे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची पद्धत दाखवली होती. तिच्या आधारे १९७० च्या दशकात दातांच्या आतल्या बाजूला बारीक तार चिकटवणे सुरू झाले. ऑस्लोचे ब्यॉर्न झाक्रिसन यांनी पिळाची लवचीक तार रूढ केली. १९७१ मध्ये रॉबर्ट पोनिट्झ यांनी पारदर्शक रिटेनरचे वर्णन केले आणि १९९३ मध्ये जॉन शेरिडन यांनी एसिक्स रिटेनर आणला. दातांच्या साच्यावर तापवलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा ओढून तो बनतो.

निगा राखण्याचे नियम या साहित्यातूनच आले आहेत. पारदर्शक रिटेनर उष्णतेने घडतो, म्हणून गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो; तो गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतात. टूथपेस्टमधील खरखरीत कणांनी त्यावर चरे पडतात. ॲक्रिलिकचा रिटेनर तोंडात नसताना पाण्यात ठेवतात. चिकटवलेल्या तारेखाली, विशेषतः खालच्या दातांच्या आत, लाळेतील क्षार साचून कीटण धरते. तिथे दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश किंवा फ्लॉस फिरवावा लागतो. जेवताना काढलेला रिटेनर कागदी रुमालात गुंडाळला की उष्ट्याबरोबर फेकला जातो, म्हणून डबी जवळ ठेवावी. सुरुवातीचे काही महिने बहुतेक वेळ आणि पुढे दररोज रात्री, अशी आजची सर्वसाधारण पद्धत आहे. नेमका काळ ऑर्थोडॉन्टिस्ट ठरवतो. काही दिवसांच्या खंडानंतर रिटेनर घट्ट वाटू लागला, तर दात सरकू लागल्याची ती खूण असते. तो बसेनासा झाला तर जोर न लावता लवकर दाखवून घ्यावे.