आजार ओळखायचा कशावरून? कावासाकी आजार आणि जनुकांची भाषा

ज्या आजाराचं कारण माहीत नाही, ज्याची खात्रीची एक तपासणी नाही, तो आजार आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? हा प्रश्न आज आपण कावासाकी आजाराच्या इतिहासातून पाहू. लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह आणणारा हा आजार आहे.

जानेवारी १९६१. टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात डॉ. तोमिसाकु कावासाकी यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. न हटणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले हातपाय. पुस्तकातल्या कुठल्याच आजारात हे चित्र बसेना. कावासाकींनी घाई केली नाही. अशी पन्नास मुलं पाहून झाल्यावर, १९६७ साली, त्यांनी जपानी भाषेत लेख प्रसिद्ध केला. इंग्रजी लेख आला तो १९७४ मध्ये.

हा आजार आपोआप बरा होतो, असं सुरुवातीला वाटत होतं. पण काही मुलं अचानक दगावली. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांत फुगवटे आणि गुठळ्या सापडल्या. १९७० च्या देशव्यापी पाहणीनंतर हा संबंध नाकारता येईना. असेच फुगवटे लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८७१ मध्येच एका सात वर्षांच्या मुलात नोंदवले होते. म्हणजे आजार बहुधा होता, त्याला नाव नव्हतं.

१९८४ मध्ये जपानमधून आणि १९८६ मध्ये अमेरिकेतून उपचार पुढे आला: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन. उपचार न मिळाल्यास सुमारे २५ टक्के मुलांच्या कोरोनरी धमन्या बिघडतात. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत औषध मिळालं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं. खरी मेख या दहा दिवसांत आहे. तान्ह्या बाळांत लक्षणं पुष्कळदा अपुरी दिसतात, निदान लांबतं, आणि धोका तर त्यांनाच जास्त.

म्हणून संशोधक रक्ताकडे वळले. जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे काय, ते सोप्या उदाहरणानं समजून घेऊ. ग्रंथालयात पुस्तकं तीच असतात; आज कोणती वाचायला बाहेर काढली आहेत, यावरून तिथे काय चाललंय ते कळतं. पेशी जनुकांच्या ज्या आरएनए प्रती काढते, त्या मोजल्या की शरीर या घडीला कशाशी झुंजतंय याचा अंदाज येतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं, की तापाच्या काळात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींशी निगडित जनुकं फार सक्रिय असतात. २०१४ च्या अभ्यासात इंटरल्युकिन-१ चा मार्ग पुढे आला, आणि तो रोखणाऱ्या औषधांच्या विचाराला बळ मिळालं. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांच्या पुढाकारानं केवळ १३ जनुकांच्या प्रतींवरून हा आजार इतर तापांपासून वेगळा काढण्याची पद्धत मांडली गेली.

इथे जरा थांबू या. या १३ जनुकांची निवड कशी झाली? ज्या मुलांना डॉक्टरांनी लक्षणं पाहून कावासाकी ठरवलं, त्यांच्याच रक्तावरून. म्हणजे यंत्राला शिकवलं ते अखेर डॉक्टरांच्या डोळ्यानंच. आणि निदान जिथे डळमळीत होतं, तिथे चाचणीची पकडही सैल झाली. मग चुकलं कोण, चाचणी की आधीचं निदान? याचा निवाडा करायला तिसरा साक्षीदार आपल्याकडे नाही, कारण मूळ कारण अजून सापडलेलं नाही. २०२० मध्ये कोविडनंतर मुलांत तसाच दाह दिसला. २०२२ च्या एका अभ्यासात दोन्ही आजारांची जनुकीय खूण बरीच सारखी निघाली. तेव्हा हे दोन आजार म्हणायचे, की शरीराच्या एकाच प्रतिसादाची दोन रूपं?

डॉ. कावासाकी जून २०२० मध्ये, ९५ व्या वर्षी गेले. शरीर काय उत्तर देतंय ते आज आपल्याला बरंचसं वाचता येतं. ते कोणाला उत्तर देतंय, हे अजून कळायचं आहे. तोवर पाच दिवस ताप न उतरलेल्या मुलाचे डोळे, ओठ आणि हातपाय नीट पाहणारा डॉक्टर हाच पहिला आधार. जनुकांची चाचणी त्याच्या हाताशी आली, तर त्या दहा दिवसांतले दोन-तीन तरी वाचतील.