बंदुकीच्या नळीतील कीट आणि १८५७ची काडतुसे

१८५७च्या उठावाच्या कारणमीमांसेत चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख हमखास येतो. परंतु काडतुसाला वंगणाची गरजच का भासली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तांत्रिक अंगाने विचार केला आहे.

सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळून पूर्णपणे वायुरूप होत नाही. नोबल व एबेल यांच्या १८७५च्या संशोधनानुसार तिच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग घनरूपात उरतो. त्यातील काही अंश धुराबरोबर बाहेर पडतो; उरलेला नळीच्या आत कीट होऊन बसतो. हे कीट ओलावा शोषून लोखंड गंजवते आणि कोरड्या हवेत कठीण होऊन पुढची गोळी अडवते. म्हणूनच गोळीबारानंतर नळी पाण्याने धुणे, चिंधीने कोरडी करणे व तिला आतून तेल लावणे शिपायाला आवश्यक असे.

जुन्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती व गोळी तिच्यापेक्षा बरीच लहान असे. त्यामुळे थोडे कीट साचले तरी निभावत असे. १८५३च्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत मात्र पीळदार खाचा होत्या. ०.५७७ इंच व्यासाच्या या नळीत ०.५६८ इंचाची गोळी तोंडाकडून गजाने ठासावी लागे. एवढ्या अरुंद फटीत कीट साचल्यास रायफल भरणेच कठीण होई. यावर उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी व मेण यांचे वंगण लावण्यात आले. त्यामुळे कीट मऊ राही.

अर्थात वंगण अपरिहार्य होते. विशिष्ट चरबी नव्हे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसांसाठी चरबी घेताना ती कोणत्या प्राण्याची आहे, याची दक्षता घेतली गेली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे असंतोष प्रकटल्यावर शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा मिळाली. पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याचीही सवलत देण्यात आली. परंतु तोपर्यंत विश्वास उडाला होता. १० मे रोजी मेरठ पेटले.

उठावामागे राजकीय, आर्थिक व सामाजिक कारणे होतीच. तथापि, काडतुसांच्या प्रकरणापुरते असे म्हणता येईल की, दोष तंत्रात नव्हता. ज्याच्या हाती ते शस्त्र द्यायचे, त्याला आधी विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही, हा खरा दोष होता.