हौशी छायाचित्रांची समीक्षा : 'छान'च्या पलीकडे

हौशी छायाचित्रकाराच्या वाट्याला सर्वाधिक येणारा शब्द म्हणजे 'छान'. घरचे, मित्र, कार्यालयातील सहकारी सारेच तो उदारपणे वापरतात. त्यात प्रेम असते. पण छायाचित्रात नेमके काय साधले आणि काय निसटले, याचा त्यातून पत्ता लागत नाही. परिणामी पाच-सात वर्षे कॅमेरा हाताळूनही अनेकांची चित्रे पहिल्या वर्षी होती तशीच राहतात. दुसऱ्या टोकाला 'यात काहीच नाही' असे एखादे तुसडे वाक्य नवख्याचा कॅमेरा कपाटात बंद करून टाकते. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे प्रामाणिक समीक्षा.

समीक्षा आणि परीक्षण

स्पर्धेतील परीक्षण आणि समीक्षा या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षक अनेक चित्रांतून काहींची निवड करतो. एका चित्राला त्याला थोडाच वेळ देता येतो आणि निर्णयामागची कारणे सांगण्याचे बंधन त्याच्यावर क्वचितच असते. समीक्षक एकाच चित्रापाशी थांबतो आणि आपले मत कारणांसह मांडतो. पदक न मिळणे म्हणजे चित्र वाईट असणे नव्हे आणि पदक मिळणे म्हणजे शिकणे संपणे नव्हे, हे हौशी कलावंताने आरंभीच ध्यानात घ्यावे.

छायाचित्रकारांनी एकत्र येऊन परस्परांचे काम पाहण्याची प्रथा छायाचित्रणकलेइतकीच जुनी म्हणावी लागेल. लंडनमध्ये १८५३ साली स्थापन झालेली संस्था पुढे 'रॉयल फोटोग्राफिक सोसायटी' म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या पाठोपाठ, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' सुरू झाली. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' ही मुंबईतील संस्था १९३७ची. कॅमेरा क्लबांच्या या परंपरेत सभासदांनी आपले प्रिंट मांडावेत, जाणकारांनी त्यांवर बोलावे, ही रीत रुजली.

एका टीकेचे फलित

नेमकी टीका काय घडवू शकते, याचे बोलके उदाहरण अमेरिकन छायाचित्रणाच्या इतिहासात सापडते. तरुण पॉल स्ट्रँड आपली चित्रे न्यूयॉर्क येथे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना दाखवीत असे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे तो सौम्य, धूसर प्रतिमा देणारी लेन्स वापरी. या धूसरपणामुळे गवत, पाणी, झाडाची साल या साऱ्या वस्तू एकाच द्रव्याच्या भासतात आणि प्रत्येकीचे वेगळेपण हरवते, हे स्टिग्लिट्झ यांनी त्याच्या नजरेस आणून दिले. स्ट्रँडने ते मनावर घेतले आणि त्याची शैली पालटली. १९१५ मध्ये त्याने नवे काम पुढे ठेवले, तेव्हा त्याच स्टिग्लिट्झ यांनी १९१६ साली आपल्या दालनात त्याचे प्रदर्शन भरविले. 'कॅमेरा वर्क' या त्यांच्या नियतकालिकाचा १९१७चा अखेरचा अंकही स्ट्रँडच्याच चित्रांना वाहिलेला होता. ही टीका व्यक्तीवर नव्हती. लेन्सच्या एका गुणधर्मावर आणि त्याच्या परिणामावर होती. म्हणूनच ती उपयोगी पडली.

समीक्षा कशी करावी?

कलाशिक्षणाच्या क्षेत्रात एडमंड फेल्डमन यांनी मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत येथेही सोयीची ठरते : वर्णन, विश्लेषण, अर्थनिर्णय आणि शेवटी मूल्यमापन. चौकटीत काय दिसते ते आधी सांगावे. मग प्रकाश, रेषा आणि रिकाम्या जागा यांचा परस्परसंबंध उलगडावा. चित्र काय सांगू पाहते ते मांडावे. आणि त्यानंतरच बरे-वाईट ठरवावे. आपल्यापैकी बहुतेक जण थेट चौथ्या पायरीवर उडी घेतात.

काय पाहावे यासाठी जॉन सारकोव्स्की यांच्या 'द फोटोग्राफर्स आय' (१९६६) या ग्रंथातील पाच मुद्दे हाताशी असावेत : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिकोन, म्हणजे कॅमेरा नेमका कोठून पाहतो ते.

उदाहरणार्थ, पालखी सोहळ्यातील एका वारकऱ्याचे छायाचित्र घेऊ. 'रचना कमकुवत आहे' या शेऱ्याचा छायाचित्रकाराला उपयोग नाही. 'वारकऱ्याचा चेहरा सावलीत आहे आणि मागचा पांढरा फलक नजर खेचून घेतो. दोन पावले डावीकडे सरकल्यास फलक चौकटीबाहेर गेला असता का?' हा प्रश्न मात्र पुढच्या वर्षीच्या वारीत कामी येतो. दोष दाखवावा, त्याचा पाहणाऱ्यावर होणारा परिणाम सांगावा आणि शक्य असल्यास पर्याय सुचवावा, एवढेच हे सूत्र आहे.

दोष की शैली?

तांत्रिक उणीव आणि हेतुपुरस्सर निवड यांतील भेद ओळखणे ही समीक्षकाची खरी कसोटी होय. ढोलताशा पथकाचे चित्र १/१५ सेकंद शटरवर टिपले, तर वादकाचे हात पुसट होतात. चेहरा आणि मागचा विजेचा खांब स्पष्ट असेल, तर ती पुसटता नादाची गती सांगते. खांबही दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. मरीन ड्राइव्हवरील सूर्यास्तात क्षितिजरेषा किंचित कलली असेल, तर तो बहुधा दुर्लक्षाचा परिणाम असतो; ठळकपणे कलली असेल, तर हेतू विचारावा. डिजिटल चित्रातील पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात तपशील उरत नाही, त्यामुळे तो नंतर संगणकावर परत मिळत नाही. सावलीतला तपशील, विशेषतः रॉ फाइलमध्ये, बराचसा उजळता येतो. अशा बाबतीत रुचीचा प्रश्न नसतो, त्या निःसंकोच सांगाव्यात. विषयाची आवड-निवड मात्र 'माझ्या मते' असे म्हणूनच मांडावी.

ऐकणाऱ्याची बाजू

समीक्षा घेणे ही देण्याहून अवघड कला आहे. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत प्रेक्षक आधी आपल्याला काय भिडले ते सांगतात. मग कलावंत स्वतःचे प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रेक्षक निःपक्ष प्रश्न करतात. आणि मत शेवटी, तेही कलावंताची अनुमती घेऊन दिले जाते. हौशी छायाचित्रकाराने यातून एक सवय उचलावी. 'कसे वाटले?' असे न विचारता 'तुमची नजर प्रथम कोठे गेली?' असे विचारावे. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये. तो क्षण टिपण्यासाठी पहाटे तीनला उठून गड चढलो, हे चित्रात दिसत नाही आणि पाहणाऱ्याला त्याचे देणेही नसते. एकाचे मत रुचीचे असू शकते. तिघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवले, तर ती जागा पुन्हा पाहावी. मात्र प्रत्येक सूचना मान्य करणाऱ्याची स्वतःची दृष्टी उरत नाही, याचेही भान असावे.

चौकटीतील माणूस

तंत्र आणि रचना यांपलीकडे समीक्षेने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. पदपथावर झोपलेले मूल, सिग्नलपाशी हात पसरणारी वृद्धा यांची चित्रे हौशी प्रदर्शनांत नेहमी आढळतात. प्रकाशयोजनेची वाहवा होते. पण त्या व्यक्तीची संमती होती काय, तिची प्रतिष्ठा राखली गेली काय, हे विचारणारा अपवादानेच भेटतो. चौकटीतील माणूस चर्चेला उपस्थित नसतो. त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी अशा वेळी समीक्षकावरच येते आणि तेथे 'छान' म्हणून पुढे जाणे केवळ निरुपयोगी नव्हे, तर अन्यायाचे ठरते.